शेपटाला बोटभर जागा

तिरोडकरकाकांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर दोन चिठ्ठ्या होत्या. एक झाकणावर, एक बरणीच्या पोटावर. दोन्हींवर एकच शब्द, 'मीठ'. शेजारी साखर, तीही दोनदा. रवा दोनदा. बारा वर्षांपूर्वी मी घणसोलीला त्यांच्याकडे पोळ्या करायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला वाटलं, या घरात कुणाला तरी विसरायचा आजार असणार.

मी काही विचारलं नाही. नवीन माणसाशी मला पटकन बोलता यायचं नाही, अजूनही येत नाही. पण काका मागेच उभे होते.

"झाकणं बदलतात, रंजना," ते म्हणाले. "झाकणावर कधी विश्वास ठेवायचा नाही. आधी वाच, मग हात लाव."

"तिला पोळ्या करू द्या," आतून काकू म्हणाल्या. "पोळपाटावर नाव नाही, म्हणून बिचारी थांबली असेल."

दुसऱ्या दिवशी पोळपाटावर नाव होतं.

त्या घरात नाव नसलेली वस्तू शोधावी लागायची. दिव्यांच्या बटणांवर नावं, छत्र्यांवर नावं, खोबऱ्याच्या दोन सारख्या किसण्यांवर नावं. काकांच्या चपलांच्या आतल्या बाजूला आकडा. देवळातून बाहेर आले की सगळ्या काळ्या चपलांमध्ये वाकून ते आकडा मोठ्याने वाचायचे आणि मगच पाय घालायचे. गॅलरीतल्या तुळशीलासुद्धा पाटी होती.

"काका, तुलशीला कोन चुकनार?" मी एकदा धीर करून विचारलं.

"आज कोणी नाही चुकणार. पण एखाद्या दिवशी दुसरंच कोणी पाणी घालायला आलं तर?"

सोसायटीतली माणसं हसायची. पण सोसायटीतल्या एका मुलीचं लग्न खांदेश्वरला होतं, तेव्हाची गोष्ट अजून सगळे सांगतात. हॉलमध्ये वर एक लग्न, खाली एक. सगळी सोसायटी घाईत खालच्या लग्नात शिरली, अक्षता टाकल्या, जेवायला बसली. काका एकटे बाहेर पाटी वाचत उभे राहिले. नवऱ्याचं नाव दोनदा, नवरीचं नाव दोनदा. मग ते वरच्या लग्नात गेले आणि आमच्या सोसायटीतर्फे एकटेच जेवले. खाली जेवणाऱ्यांत काकूही होत्या.

"आमच्या लग्नात जिलबी होती," घरी येऊन काका म्हणाले.

"आमच्या लग्नात गुलाबजाम होते," काकू म्हणाल्या. "आणि नवरी जास्त गोरी होती."

काका महापेला एका कंपनीत होते. मोठ्ठं थंडगार घर, आत माणसं कमी आणि पेट्या जास्त. त्या पेट्यांमध्ये लोकांची माहिती साठवलेली. ती ज्या चपट्या लोखंडी डब्यांत राहते त्यांना डिस्क म्हणतात. हे सगळं मला काकूंनी समजावलं. काका समजवायला लागले की शब्द इतके यायचे की मी मान हलवत पोळी जाळायची.

चिठ्ठ्यांचं हे वेड कुठून आलं, तेही काकूंनीच सांगितलं. काका नवीन होते तेव्हा त्यांना निरोप आला, तीन नंबरची डिस्क बिघडली आहे, काढा. काकांनी एक, दोन, तीन मोजलं आणि तिसरी ओढून काढली. पण मशीन शून्यापासून मोजतं. त्याची तीन नंबरची म्हणजे आपली चौथी. बिघडलेली तिथेच राहिली आणि चांगली काकांच्या हातात आली. कुणाचं तरी दोन दिवस काम बंद पडलं. काका दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून मोजून काही उचलायचं नाही, वाचून उचलायचं. कितवी आहे ते नाही, कोण आहे ते.

निवृत्त झाल्यावर काकांनी हॉलच्या कपाटात स्वतःची एक पेटी बसवली. काळी, शिवणयंत्राएवढी, तिच्यात चार डिस्का. घरातले सगळे फोटो, मेधाताईचं लहानपण, काकूंचे शाळेतले कार्यक्रम, सगळं तिच्यात. मेधाताई म्हणजे त्यांची मुलगी, बंगळुरूला नोकरी करते. चार डिस्का मिळून जे एक होतं त्याला काका 'तळं' म्हणायचे.

"चार विहिरी आतून जोडल्यात असं समज. एक आटली तरी बाकीच्या तिघी पाणी धरून ठेवतात. दोन आटल्या की मात्र संपलं. तळ्यात थेंब राहत नाही."

हे मला पटकन समजलं. आणखी एक गोष्ट समजली तेव्हा तर काकांनी मला बसायला खुर्ची दिली होती. ते नवीन डिस्क तयार करत होते. नुसती आणून घालत नाहीत, तिच्यात आधी भाग पाडावे लागतात. काका म्हणाले, "भाग पाडताना शेवटपर्यंत जायचं नाही. शेपटाला बोटभर जागा सोडायची."

मी पीठ मळता मळता बोलून गेले, "आमचे बाबा पन तसंच करायचे."

"काय करायचे?"

माझे बाबा मिठागरात होते. खाडीचं पाणी चौकोनी वाफ्यांत घ्यायचं, मध्ये बांध घालायचे, उन्हात पाणी आटलं की खाली मीठ. बाबा बांधाच्या वरपर्यंत पाणी कधी भरू द्यायचे नाहीत. वर बोटभर कोरडं ठेवायचे. उधाण आलं तर पाण्याला जागा हवी म्हणून. आता ते मिठागर नाही, तिथे इमारती आहेत. खाली मीठ आहे हे तिथे राहणाऱ्यांना माहीतही नसेल. मी लहान असताना त्या बांधांवरून बाबांची भाकरी घेऊन जायची, आणि वाफ्यांत आकाश दिसायचं, चौकोन चौकोन केलेलं.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "सारख्याच मापाच्या दोन डिस्का घेतल्या ना, तरी एक केसभर लहान निघते. दुसऱ्या कंपनीची असेल तर हमखास. जुन्या काठोकाठ भरल्या असतील तर ती नवीन त्यांच्यात बसतच नाही. म्हणून जागा सोडायची. अगो, तुझे बाबा इंजिनियर होते."

बाबांना कुणी असं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर मात्र घरात सगळ्यालाच शेपूट फुटलं. डब्यात तांदूळ ओतला की "बोटभर जागा सोड." पाण्याच्या बाटलीला "बोटभर." दिवाळीत मी दारात रांगोळी काढत होते, तर काका उंबऱ्याकडे बोट दाखवून, "शेपटाला सोडलीस का?" काकू म्हणायच्या, "पोटात पण सोडत जा थोडी जागा." काकांचा पुरणपोळीवर फार जीव होता आणि तिथे त्यांचा नियम चालत नसे.

बरण्यांवरच्या काय, डिस्कांवरच्या काय, सगळ्या चिठ्ठ्या काकू लिहायच्या. काकांचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय पुसावेत तसं. काकू शाळेत शिकवत होत्या, त्यांचं अक्षर बघत राहावं असं. प्रत्येक डिस्कला कंपनीने दिलेला लांबलचक नंबर असतो. त्यातली शेवटची चार अक्षरं काकू मोठी करून लिहायच्या, इंग्रजीत. खाली तेच मराठीत. ते माझ्यासाठी. मी चौथीपर्यंत शिकले, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. माझं इंग्रजी सुरू व्हायच्या आधीच शाळा संपली. काकूंनी मला इंग्रजी अक्षरं त्या डिस्कांवरून शिकवली. झेड मला ए-च्या आधी येत होतं.

एका दिवाळीला काकांनी पेटी बंद करून ठेवली होती आणि मी साफसफाईच्या भरात चारही डिस्का बाहेर काढून पुसल्या. परत घालायला गेले तर कुठली कुठे होती ते आठवेना. मी तिथेच फरशीवर बसून रडायला लागले. काका आले, बघितलं, आणि कुठलीही डिस्क कुठेही घालून पेटी चालू केली. सगळं आलं. मेधाताई झबल्यात, काकू भाषण करताना, सगळं जागच्या जागी.

"रडतेस कशाला? त्यांना नावं आहेत ना? नाव असलं की जागा बदलली तरी माणूस हरवत नाही."

काकू गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. आजारपण लांबलं नाही. तेरावं झाल्यावर मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. पाहुण्यांच्या हातांनी बरण्या तेलकट झाल्या होत्या. मी सगळ्या बरण्या गरम पाण्यात घातल्या, साबणाने खसखसून घासल्या आणि उन्हात पालथ्या घातल्या. चकचकीत झाल्या. काका दारात आले आणि बरण्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, आधी वाच, मग हात लाव. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक छोटं मशीन आणलं आणि सगळ्या बरण्यांवर छापील चिठ्ठ्या लावल्या. झाकणावर एक, पोटावर एक.

मला तेव्हा काही कळलं नाही.

मग यंदाची गोष्ट. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू, वर काळा चष्मा. आठ दिवस वाचायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांना वाचू नका म्हणजे माशाला पोहू नको. ते बरण्या हाताने चाचपून मला विचारायचे, "ही कुठली?" आणि मी मोठ्याने वाचायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेधाताईचा फोन आला. पेटीचं काही बिनसलं की तिला बंगळुरूला निरोप जातो.

"रंजना, बाबांना दे. झेड सात के दोन गेले दोन महिने खराब दाखवतेय. बाबा म्हणतात बदलतो बदलतो."

मी काकांकडे बघितलं. पाच वर्षं झाली की डिस्क निवृत्त, मग ती कितीही चांगली चालत असो, हा त्यांचाच नियम. बाकीच्या तिघी त्यांनी वेळच्या वेळी बदलल्या होत्या. त्यांच्यावर आता छापील चिठ्ठ्या होत्या, मी रोज पुसताना बघत होते. ही एकच काकूंच्या हातची राहिली होती. आणि पेटीने ओरडू नये म्हणून काकांनी तिचा आवाज बंद करून ठेवला होता.

"चालतेय अजून ती," काका फोनवर म्हणाले. "उगीच टेन्शन घेऊ नकोस."

"बाबा, आज दुसरी पण चुका दाखवायला लागलीय. दोन गेल्या तर काय होतं ते तुम्हीच मला शिकवलंत. आईचे सगळे व्हिडिओ त्यातच आहेत. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही."

फोन माझ्या हातात देऊन काका खुर्चीत जाऊन बसले.

"काका, नवीन डिस्क कपाटात हाय. तपासून ठेवलेली हाय. तुमीच ठेवलीत."

"तिला हात लावू नकोस."

बारा वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले. दोन पोळ्या लाटल्या, दोन्ही नकाशासारख्या झाल्या. गॅस बंद केला आणि परत आले. कुणाला उलटून बोलणं मला जमत नाही. म्हणून मी पेटीचं दार उघडलं आणि फक्त वाचलं. त्या डिस्कवरची पुढची कडी उघडून बाजूला केलेली होती, डिस्क जागेवरच होती. काकांनी कधीतरी काढायला घेतली असणार आणि सोडून दिली असणार. म्हणून त्या साफसफाईच्या दिवाळीनंतर चिठ्ठी पहिल्यांदाच पूर्ण दिसत होती.

"झेड सात के दोन," मी वाचलं. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, तेव्हा नसलेली. तीही वाचली. "चष्मा लावला का?"

काकांनी खुर्चीचा दांडा धरला.

"परत वाच."

"चष्मा लावला का?"

"रोज विचारते," काका म्हणाले. "चौघींवरही लिहिलं होतं तिने. मी चष्म्याशिवाय नंबर वाचायचो म्हणून. बाकीच्या तिघी मी भंगारात देताना, आतलं कोणी वाचू नये म्हणून, भोक पाडून दिल्या. कंपनीत तसंच करायचो, सवय. चिठ्ठ्यांसकट गेल्या. तेव्हा लक्षातच आलं नाही गो. मग घरात बघितलं तर तिचं अक्षर कुठेच नाही."

माझ्या डोळ्यांसमोर उन्हात पालथ्या घातलेल्या बरण्या आल्या. चकचकीत.

"काका, त्या बरन्या मीच…"

"माहीत आहे."

"तुमी बोलले का नाय मना?"

"काय बोलणार? तू स्वच्छच करत होतीस."

मी पदराने डोळे पुसले. मग म्हणाले, "ही चिठ्ठी काढून नवीनवर लावू. हलक्या हातानं काढते मी, फाटनार नाय."

"नंबर वेगळा आहे. खोटी चिठ्ठी लावण्यापेक्षा बिनचिठ्ठीची बरी. तिनेच लावू दिली नसती." मग म्हणाले, "चिठ्ठी ठेवू की आवाज ठेवू, दोन महिने हेच चाललंय. आणि दोन महिने दोन्ही धरून बसलोय."

जे समोर लिहिलं होतं तेच मी बोलले.

"चष्मा लावलाय तुमी. काला हाय, पन लावलाय."

काका हसले. मग नाक पुसलं. मग उभे राहिले आणि एकदम महापेचे झाले.

"मेधाला फोन लाव. आवाज मोठा कर."

नवीन डिस्क मी पेटीतल्या जादाच्या खणात बसवली. आता तिच्यात भाग पाडायचे होते, आणि ते काम मेधाताई तिकडून करणार होती. हेच सगळ्यात धोक्याचं. चुकीच्या डिस्कवर बांध घातला की आतलं सगळं वाहून जातं, मग देवही परत आणत नाही. तिकडून मेधाताईने पडद्यावरचा नंबर वाचला. इकडे मी डिस्कवरचा वाचला. एकेक अक्षर, देवळात नाव घ्यावं तसं. काका मधे डोळे मिटून उभे.

"परत."

परत वाचला. मग आणखी एकदा.

"परत."

"बाबा, तीन वेळा झालं!"

"शून्यापासून मोज, दोनदाच झालं. परत."

मग म्हणाले, "जुळलं. घाल बांध. शेपटाला…"

"बोटभर जागा," मी आणि मेधाताई एकदम म्हणालो.

तिकडे बटणांची टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, "बाबा, ही दुसऱ्या कंपनीची आहे. जुन्यांपेक्षा लहान निघाली."

काका फोनकडे सरकले.

"किती लहान?"

"अगदी थोडी. थांबा." मग ती हसली. "बसली. तुम्ही जुन्यांना सोडली होती तेवढी जागा पुरली."

काका माझ्याकडे वळले. बघता येत नव्हतं, तरी मान ताठ करून वळले. "तुझ्या बाबांना कळव," म्हणाले. माझे बाबा जाऊन पंधरा वर्षं झाली. मी "हो" म्हटलं.

मेधाताईने सांगितलं, आता जुनीचं काम नवीनकडे सोपवलं आहे, भरायला वेळ लागेल. त्या दिवशी काका जेवले नाहीत, मीही घरी उशिरा निघाले. दुसरी आजारी डिस्क मधेच दगा देते की काय, म्हणून ते पेटीवर हात ठेवून बसले होते, तापाच्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. दर अर्ध्या तासाने मेधाताई आकडा सांगायची. वीस टक्के. बत्तीस. तळं भरत होतं.

सकाळी मी आले तर काका चहा करत होते. स्वतः. चहात साखरच होती, मीठ नव्हतं, म्हणजे त्यांनी हाताने चाचपून तरी वाचलं असणार.

"भरलं," म्हणाले. "थेंब सांडला नाही. आता दुसरीसाठी पण नवीन मागवलीय." मग कपाटाकडे बोट केलं. "आता झेड सात के दोन काढ. आधी…"

मी वाचलं. त्यांनी म्हटलं, "जुळलं." मी ओढली. कोमट होती, नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी.

चिठ्ठ्यांचं मशीन मी टेबलावर आणून ठेवलं. काकांनी ते बाजूला सारलं आणि काकूंचं काळं पेन पुढे केलं.

"तू लिही."

"माझं अक्षर चौथीतलं हाय, काका."

"मग? चौथीत वाचता येईल असंच हवं. घाईत मोठमोठे इंजिनियर चुकतात."

मी लिहिलं. वर इंग्रजी चार अक्षरं, खाली मराठी. शेवटी बोटभर जागा सोडली. काकांनी चिठ्ठी हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, दिसणार नव्हतीच, तरी बराच वेळ धरली.

जुनी डिस्क त्यांनी भंगारात दिली नाही. तिला भोकही पाडलं नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, उभी करून ठेवली. घरी येणारे विचारतात, हे काय? काका म्हणतात, "निवृत्त आहे."

पट्टी सुटली, नवीन चष्मा आला. नंतर एकदा मी फळी पुसत होते. काकूंच्या चिठ्ठीला शेवटी त्यांनीही बोटभर जागा सोडलेली होती, नवऱ्याचा नियम पाळून. इतकी वर्षं ती कोरी होती. आता तिथे काळ्या पेनाने, कोंबडीने पाय पुसावेत तशा अक्षरात, एकच शब्द लिहिला होता.

'लावला.'

मी फडकं पिळून घेतलं, आजूबाजूची फळी पुसली, आणि ती डिस्क तशीच राहू दिली. तिला पाणी लागू दिलं नाही.